रीसेल फ्लॅटमधली ओल कोणाच्या खिशातून? तपासणीनंतर विक्रेत्याशी बोलायचं ते

बेडरूमच्या भिंतीला खालून दीड-दोन फुटांपर्यंत ताजा रंग आणि त्याच्या वर जुना, किंचित पिवळट पडलेला. हात लावला तर खालचा भाग गार लागतो. पलीकडे बाथरूम. रीसेल फ्लॅट बघणाऱ्यांना असं दृश्य काही नवं नाही, आणि एजंटचं त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं : "ते काही नाही, रंग दिला की झालं." रंग दिलेलाच आहे, म्हणून तर ते दिसतंय.

इथून पुढे बहुतेकांचं बोलणं चुकतं, कारण ते थेट आकड्यावर येतं. "दोन लाख कमी करा." विक्रेता म्हणतो, "पन्नास हजार." मग पाऊण लाखावर तडजोड, हात मिळवणी, आणि पुढच्या जुलैत भिंत पुन्हा ओली. आकड्याच्या आधी दोन प्रश्न सुटायला हवेत : हा दोष दुरुस्त करायचा अधिकार कोणाला आहे, आणि दुरुस्ती खरंच झाली हे कळेपर्यंत पैसे कोणाच्या हातात राहणार. ते सुटले की आकडा फारसा ताणावा लागत नाही.

तपासणी कधी

विसार पावतीच्या (टोकन देताना होणाऱ्या लेखी पावतीच्या) आधी तपासणी झाली तर उत्तम. पण चांगला फ्लॅट असेल तर विक्रेता तेवढा थांबत नाही, हेही खरं. अशा वेळी टोकनची रक्कम लहान ठेवा आणि विसार पावतीत दोन ओळी घाला : सात दिवसांत घेणाऱ्याच्या इंजिनिअरकडून सदनिकेची तपासणी होईल, मोठा दोष निघाला आणि त्यावर दोघांचं एकमत झालं नाही तर विसार रक्कम बिनव्याजी परत. या दोन ओळी नसतील तर तपासणीचा अहवाल कितीही जाड असो, तुमचं टोकन अडकलेलं आणि विक्रेता निवांत.

करारनामा नोंदवल्यावर तुमच्या हातातला बहुतेक जोर गेला असं समजा. मुद्रांक शुल्क भरून झालेलं असतं, किंमत बदलायची तर पुरवणी दस्त करावा लागतो, आणि बँकेचं मंजुरीपत्र जुन्या आकड्यावर निघालेलं असतं.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाकू. कर्ज देताना बँक जो इंजिनिअर पाठवते, त्याची भेट म्हणजे तपासणी नव्हे. तो बँकेसाठी मूल्यांकन करतो : क्षेत्रफळ, नकाशा, इमारतीचं वय, बाजारभाव. बाथरूमची नहाणी (फरशीतलं पाणी जायचं तोंड) गळते का, हे बघणं त्याचं काम नाही. "बँकेचं टेक्निकल क्लिअर आलं" याचा अर्थ फ्लॅट कोरडा आहे असा होत नाही.

पुरावा कसा गोळा करायचा

वाटाघाटीत "ओल आहे" या वाक्याला किंमत नाही. "ओल अमुक कारणाने आहे" या वाक्याला आहे. म्हणून डाग कुठे आहे हे नीट वाचायला शिका. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीच्या तळाशी ओल, लोणा (भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार), फुगलेला रंग : तुमच्याच बाथरूमची फरशी किंवा भिंतीतली पाइपलाइन. छतावर पिवळट गोल डाग : वरच्या मजल्याचं बाथरूम किंवा किचन. खिडकीच्या कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीवर आणि फक्त पावसाळ्यात : बाहेरच्या प्लॅस्टरची भेग किंवा छज्जा. सगळ्यात वरच्या मजल्यावर छताला : गच्ची.

फरशी की पाइप, हे ओळखायची एक बिनखर्ची युक्ती आहे. ते बाथरूम तीन-चार दिवस पूर्ण बंद ठेवायचं, पण मुख्य कॉक चालू ठेवायचा. डाग सुकायला लागला तर पाणी वापरातलं आहे, म्हणजे फरशीचे सांधे किंवा नहाणी. डाग तसाच ओला राहिला तर दाबाखाली असलेली भिंतीतली पाइपलाइन झिरपते आहे. मग प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्यायची : पाइपची तोंडं बंद करून हातपंपाने दाब भरायचा आणि अर्धा तास काटा खाली येतो का ते बघायचं.

फरशीवरचा संशय पक्का करायला पाणी साठवून बघतात. नहाणीच्या तोंडात प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळलेला कपडा घट्ट बसवायचा आणि बाथरूममध्ये इंच-दीड इंच पाणी भरायचं. दाराशी उंबरा बुटका असेल तर आधी सिमेंटचा किंवा मातीचा छोटा बांध घालायचा, नाहीतर पाणी थेट पॅसेजमध्ये. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने मारायची, २४ ते ४८ तास थांबायचं, आणि खालच्या फ्लॅटच्या छताचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढायचे. फ्लॅटमध्ये माणसं राहत असतील तर ही चाचणी गैरसोयीची आहे. विक्रेता नको म्हणू शकतो, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नसतं. तेव्हा निदान खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवा. "तुमच्या बाथरूमला वरून काही त्रास?" एवढ्या एका प्रश्नावर मिळणारी माहिती कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त असते.

यंत्रावरून आठवलं. ओलावा मोजायचं मीटर आणलं असेल तर त्याचा टक्केवारीचा आकडा विक्रेत्याच्या तोंडावर फेकू नका. सुया टोचायची ही मीटरं बहुतेक लाकडासाठी जुळवलेली असतात. प्लॅस्टरवर त्यांचा आकडा फक्त तुलनेला चालतो. त्याच घरातली एक कोरडी भिंत आणि संशयित भिंत, दोन्हींचा आकडा शेजारी शेजारी लिहा. लोण्यातल्या क्षारांमुळेही आकडा फुगतो, हेही लक्षात असू द्या.

बाथरूममध्ये फॉल्स सीलिंग किंवा माळा असेल तर झाकण उघडून टॉर्च मारायलाच हवी. वरच्या बाथरूमची खोलगट स्लॅब (पाइप बसवायला खाली उतरवलेली) तिथे उघडी दिसते. तिचे पोपडे पडून गंजलेली सळई दिसत असेल तर तो या तपासणीतला सगळ्यात गंभीर शोध. लोखंड गंजलं की मूळ सळईपेक्षा जास्त जागा व्यापतं आणि आतून रेटा देऊन काँक्रीटचं आवरण फोडतं. फुटलेल्या जागेतून आणखी पाणी शिरतं. पीओपी लावून हे झाकता येतं, थांबवता येत नाही.

विजेचं काम तुलनेनं सोपं. मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो का, अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का, गीझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे की दिव्यांचीच दीडची ओढली आहे. इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम.

आणि सकाळी सात-आठला एकदा जाऊन या. वरच्या मजल्यावर आंघोळी चालू असताना छत जे सांगतं ते दुपारी तीनला सांगत नाही.

दोष कोणाचा

तपासणीचा अहवाल हातात आला की त्याची चार ढिगांत वाटणी करा : विक्रेत्याचं, सोसायटीचं, वरच्या सभासदाचं आणि बिल्डरचं. विक्रेत्याकडे सोसायटीच्या पाइपची दुरुस्ती मागितलीत तर तो बिचारा "करतो" म्हणेल आणि करू शकणार नाही.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ही वाटणी बरीच स्पष्ट आहे. बाहेरच्या भिंती, गच्ची आणि कठडे, बाहेरच्या पाणी आणि ड्रेनेजच्या लाइनी, पाण्याच्या टाक्या, जिना, लिफ्ट, फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतची वीज, छताची संरचनात्मक दुरुस्ती, पावसाच्या पाण्याची गळती, आणि गच्चीतून पाणी उतरून सर्वांत वरच्या मजल्याचं खराब झालेलं छत व प्लॅस्टर, हे सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायचं. उरलेली, फ्लॅटच्या आतली दुरुस्ती ज्या त्या सभासदाची. म्हणजे वरच्यांचं बाथरूम गळून तुमच्या छताला डाग पडला असेल तर फरशी वरच्यांनी करून घ्यायची. गंजलेल्या स्लॅबचं मात्र हमखास भांडण होतं : सोसायटी म्हणते गळती सभासदाची, सभासद म्हणतो स्लॅब सोसायटीची. दोघंही थोडे थोडे बरोबर. सोसायटीच्या आणि वरच्या सभासदाच्या ढिगांतल्या दोषांसाठी विक्रेत्याकडून दुरुस्ती मागायची नाही, कागद मागायचे : सोसायटीला आणि वरच्या सभासदाला त्याच्या सहीचं लेखी पत्र, पोच घेतलेलं, आणि आधीचा पत्रव्यवहार असेल तर त्याच्या प्रती. सोसायटीने सभासदत्व तुमच्या नावावर करेपर्यंत तुम्ही सभासद नाही. तुमच्या पत्राला सोसायटीत वजन नसतं, त्याच्या असतं.

इमारत नवी असेल तर बिल्डरचा ढीग विसरू नका. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाला तर तो बिल्डरने ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करायचा आहे. कायद्यातल्या 'अलॉटी' या शब्दात नंतर विकत घेणारा माणूसही येतो. चार वर्षांच्या इमारतीतलं गळकं बाथरूम म्हणजे विक्रेत्याशी भांडायचा नव्हे, तर विक्रेत्याला सोबत घेऊन बिल्डरला पत्र पाठवायचा विषय. पाच वर्षं भरायला दोन महिने राहिले असतील तर ते पत्र याच आठवड्यात.

सोसायटीच्या ढिगात एक खर्च लपलेला असतो आणि तो ओलीपेक्षा मोठा असू शकतो. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. तो अहवाल मागा. मुंबईत अशा इमारतींची सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी असते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. अहवालाबरोबर मागच्या दोन-तीन वार्षिक सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचा. मोठ्या दुरुस्तीचा ठराव झाला आहे, प्रत्येक फ्लॅटमागे दीड लाख ठरले आहेत, पण बिलं अजून काढलेली नाहीत, अशी स्थिती असेल तर सोसायटीचा 'येणे बाकी नाही' दाखला एकदम स्वच्छ येतो. दाखला बिल काढलेल्या रकमेचा असतो, ठरावाचा नसतो. ताबा घेतल्यावर महिनाभराने दीड लाखाचं पत्र तुमच्या नावावर. करारात एक ओळ हवी : ताब्याच्या तारखेपूर्वी मंजूर झालेल्या ठरावांपोटीची वर्गणी, बिल केव्हाही निघो, लिहून देणार यांनी भरायची. (दस्तात 'लिहून देणार' म्हणजे विक्रेता, 'लिहून घेणार' म्हणजे तुम्ही.) यावर विक्रेता कुरकुर करेल, कारण दुरुस्त झालेली इमारत तुम्ही उपभोगणार आहात. निम्मं-निम्मं हा इथे न्याय्य मधला मार्ग वाटतो.

उलट, इमारत पुनर्विकासाला चालली असेल आणि करार सहीपर्यंत आला असेल तर बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर घासाघीस करून कोणाचंच भलं होणार नाही. ते सोडा, पुनर्विकासाची कागदपत्रं तपासा.

काय मागायचं आणि काय सोडायचं

उडालेला रंग, जुन्या फॅशनच्या टाइल्स, किचनचा तडकलेला ओटा, करकरणारं दार. हे पहिल्या भेटीत दिसलं होतं आणि ठरलेल्या किमतीत ते धरलेलं होतं असंच विक्रेता मानतो. ते अहवालात राहू दे, मागणीत नको. तीस मुद्द्यांची यादी दिली की विक्रेता सोपे पंचवीस मान्य करून खरे पाच टाळतो. त्यापेक्षा तीन-चार ठेवा, पण प्रत्येकाला फोटो, कारण आणि ठेकेदाराचा लेखी अंदाज जोडलेला.

अंदाजपत्रकात कामाचं माप दिसलं पाहिजे. उदाहरण म्हणून ५ बाय ८ फुटांचं बाथरूम घ्या. फरशी ४० चौरस फूट. भिंतींचा घेर २६ फूट, सात फुटांपर्यंत टाइल म्हणजे १८२. दाराचे साडेसतरा वजा केले की साधारण १६५. फरशी धरून २०५ चौरस फूट, वर दहा टक्के तूट, म्हणजे सव्वादोनशे चौरस फूट टाइल. खोलगट स्लॅबमधला नऊ इंचांचा विटांच्या तुकड्यांचा कोबा फोडला की ३० घनफूट, त्यात भिंतींचं प्लॅस्टर आणि टाइल. फुगलेला राडारोडा पन्नास-साठ पोती सहज होतो, आणि तो जिन्याने उतरवायचा की लिफ्टने, हे सोसायटी ठरवते. अशा मापांसकट आलेल्या १ लाख ४० हजारांच्या अंदाजाला विक्रेता सहजी "जास्त सांगतोय" म्हणू शकत नाही. मापं नसलेला आकडा मात्र हवेतला.

टाइल्सच्या बाबतीत विक्रेत्याचा एक आक्षेप रास्त असतो : "माझ्या पंधरा वर्षं जुन्या टाइल्स गेल्या, तुम्हाला नव्या मिळणार, त्याचे पैसे मी का देऊ?" तिथे स्वतःहून एक पाऊल मागे या. फोडकाम, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, राडारोडा आणि मजुरी त्यांची. टाइल्सचा माल तुमचा, म्हणजे तुम्हाला हव्या त्या घेता येतील. साठ रुपये फुटाची टाइल धरली तर तेरा-साडेतेरा हजारांची सूट तुम्ही देता, पण बाकीच्या सव्वा लाखावरचा वाद मिटतो.

फोनवर किंवा समोर बसून बोलायचं ते साधारण असं : "काका, आपण ऐंशी लाख ठरवले ते घर कोरडं आहे असं धरून. इंजिनिअरने नहाणीचा सांधा सुटलेला दाखवलाय, खालच्या जोशीकाकूंकडेही छताला डाग आहे. मला किंमत पाडायची नाही. हे काम व्हावं आणि ते झालंय हे दोघांनाही दिसावं, एवढंच. हा अंदाज बघा, तुमच्या ओळखीच्या माणसाकडून दुसरा आणलात तरी चालेल." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. दुसरा अंदाज त्याने स्वतः आणला की तो आकडा त्याचाच होतो. एजंटमार्फत निरोप पाठवू नका. त्याची दलाली व्यवहार होण्यावर आहे, भिंत सुकण्यावर नाही. बोलणं झालं की त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर मुद्दे लिहून पाठवा.

विक्रेत्याने करायचं, किंमत कमी, की पैसे राखून

तीन वाटा आहेत आणि त्या सारख्या नाहीत.

विक्रेत्याने स्वतः दुरुस्ती करून द्यायची, ही ऐकायला सगळ्यात सोपी आणि आमच्या मते सगळ्यात कमकुवत वाट. घर सोडून जाणारा माणूस स्वस्तातला उपाय निवडतो, यात त्याचा दुष्टपणा नाही. टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरलं, वरून रंग मारला, झालं. सांध्यातून पाणी जात असेल तर ते खरंच चालतं. पण नहाणीचा सांधाच सुटला असेल तर वरचं ग्राउट कितीही भारी असो, पाणी खालून वाट काढतंच. आणि ते कळायला तीन-चार महिने लागतात.

किंमत कमी करणं स्वच्छ असतं, पण कर्ज घेणाऱ्याने आधी गणित मांडावं. पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट, ८० टक्के कर्ज, म्हणजे ६४ लाख बँकेचे आणि १६ तुमचे. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी दोन्हीकडे ३० हजारच, ती बाजूला ठेवू. एकूण खिशातून २१ लाख ६० हजार. आता किंमत दोन लाखांनी उतरून ७८ झाली. कर्जही उतरून ६२ लाख ४० हजार, तुमचा वाटा १५ लाख ६०, मुद्रांक ५ लाख ४६. बेरीज २१ लाख ६ हजार. म्हणजे दोन लाखांच्या सवलतीतले आज हातात फक्त ५४ हजार वाचले, आणि दुरुस्तीला दोन लाख रोख लागणार आहेत. उरलेला फायदा कमी कर्जाच्या रूपाने वीस वर्षांत पसरून मिळेल. तोटा नाही, पण गृहप्रवेशाच्या महिन्यात दीड लाखाची चणचण नक्की. शिवाय रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकातली) किंमत ७८ च्या वर असेल तर मुद्रांक त्याच किमतीवर बसतो, शुल्कातली बचत कमी होते किंवा होतच नाही. आणि रेडी रेकनरची किंमत करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त भरली तर फरकावर दोघांनाही आयकराचा प्रश्न येतो.

कोणी ना कोणी इथे चौथी वाट सुचवतंच : "करार ऐंशीचाच करू, दोन लाख रोख परत देतो." नको. बँकेला खोटी किंमत दाखवून कर्ज घेतल्यासारखं होतं, आणि मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे.

राहिली तिसरी वाट, पैसे राखून ठेवणं. किंमत ८० च राहते. दुरुस्तीची जबाबदारी विक्रेत्याची, करारात उघड लिहिलेली. आणि ठरावीक रक्कम काम तपासून झाल्यावरच त्याला मिळते. रक्कम अंदाजाच्या सव्वा ते दीडपट असावी, कारण फरशी फोडल्यावर आत काय निघेल ते कोणालाच माहीत नसतं. त्याहून जास्त मागू नका. विक्रेत्याला बहुधा याच पैशातून आपलं दुसरं घर घ्यायचं असतं. त्याच्यावर कर्ज असेल तर त्याच्या बँकेचे पैसे आधी जातात, म्हणून राखीव रक्कम त्यानंतर उरणाऱ्या हिश्शातून बसते का, हेही बघा.

या वाटेतली खरी अडचण तुमच्या बँकेची. बहुतेक बँका तुमचा स्वतःचा वाटा पूर्ण दिल्याची पावती बघितल्याशिवाय कर्जाचा चेक सोडत नाहीत. "दोन लाख मी मागे ठेवलेत" म्हटलं की फाइल अडकते. म्हणून कराराचा मसुदा सहीआधी बँकेला दाखवा. बँक अडून बसली तर रक्कम विक्रेत्याला पूर्ण द्यायची आणि त्याच्याकडून तेवढ्याच रकमेचा तारणाचा चेक घेऊन ठेवायचा, काम झालं की परत. चेकवरच्या तारखेपासून तो तीनच महिने चालतो. कामाची मुदत त्याच्या आत बसवा.

करारातला मजकूर वकील नीट करेलच, पण त्यात असावं ते साधारण असं :

"सदर सदनिकेतील मास्टर बाथरूमचे फोडकाम, नळकाम व वॉटरप्रूफिंग परिशिष्ट ब मध्ये नमूद केल्याप्रमाणे लिहून देणार यांचे खर्चाने करावयाचे आहे. वॉटरप्रूफिंगचा थर दिल्यावर कोब्यापूर्वी एकदा, व कोबा झाल्यावर टाइल्सपूर्वी एकदा, अशी दोन वेळा ४८ तासांची पाणी साठवण चाचणी उभयतांचे समक्ष घ्यावी. दुसरी चाचणी यशस्वी झाल्यापासून सात दिवसांत राखीव रक्कम रु. २,००,००० लिहून घेणार यांनी अदा करावी. काम मुदतीत न झाल्यास लिहून घेणार यांनी सदर रकमेतून ते करून घ्यावे व शिल्लक रक्कम बिलांसह १५ दिवसांत परत करावी."

दोन चाचण्या का, तर टाइल बसल्यावर पहिल्यांदा पाणी भरलं आणि गळती निघाली तर सगळं पुन्हा फोडायचं, आणि तेव्हा कोणीच तयार नसतं. या अटीमुळे ठेकेदार कोणाचा यालाही फारसं महत्त्व उरत नाही. काम पंधरा दिवसांचं धरा. ताब्याच्या तारखेआधी ते बसत नसेल तर ताबा घेऊन मग केलं तरी चालतं, फक्त परिशिष्टात आजच्या स्थितीचे फोटो हवेत.

कायद्याचा आधार किती

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ विक्रेत्यावर बंधन घालतं : त्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही सापडला नसता असा महत्त्वाचा दोष त्याने सांगितला पाहिजे. 'सामान्य काळजी' या शब्दांत सगळी मेख आहे. डोळ्यांना दिसणारी ओल बघून तुम्ही गप्प राहिलात तर हे कलम तुमच्या बाजूने उभं राहत नाही. पॅनेलिंगमागे लपवलेली भिंत, सोसायटीकडे तीनदा केलेली पण तुम्हाला न सांगितलेली तक्रार, अशा ठिकाणी ते कामाला येतं. म्हणून "या सदनिकेत गळतीबाबत सोसायटीकडे किंवा शेजाऱ्यांशी कोणताही वाद वा पत्रव्यवहार प्रलंबित नाही" हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. आणि छापील मसुद्यातलं "जशी आहे तशी, जिथे आहे तिथे" हे वाक्य शोधा. ते तसंच राहिलं तर तुमचं सगळं बोलणं वाया. काढता येत नसेल तर त्याच्या शेवटी "परिशिष्ट ब मधील बाबी वगळून" एवढे शब्द जोडा.

ताब्याच्या दिवशी

किल्ल्या हातात घ्यायच्या आधी दोन तास द्या. सगळे नळ एकदम सोडून नहाणीला पाणी तुंबतं का बघा, फ्लश तीनदा ओढा, गीझर चालू करून आरसीसीबी टिकतो का ते बघा. परिशिष्टातल्या फोटोंच्याच जागी उभं राहून त्याच कोनातून नवे फोटो काढा. ठरलेले पंखे, एसी, गीझर जागेवर आहेत का ते मोजा. भिंतीवरचा एसी उतरवून नेताना फुटलेलं प्लॅस्टर हा ताब्याच्या दिवशीचा नेहमीचा वाद. वीजमीटरचं रीडिंग विक्रेत्यासमोर लिहून दोघांनी सही करा, पाइप गॅस आणि महावितरणच्या नावबदलाच्या अर्जांवर त्याची सही त्याच टेबलावर घ्या. काही राहिलं असेल तर ताबा पावतीवर हाताने लिहा : काय राहिलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि राखीव रकमेतले किती त्यापोटी थांबवले. खाली दोघांच्या सह्या.